घरच्या पोकरमध्ये कोणी पत्ते टाकतच नाही, खेळ कसा बदलायचा?

बदाम_राणी

दर शनिवारी सात जणांचा नो-लिमिट होल्डेमचा (प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मध्ये पाच सामाईक, बेटला मर्यादा नाही) डाव बसतो. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी भरायची सक्तीची रक्कम) ₹५ आणि ₹१०, बाय-इन (बसताना घ्यायच्या चिप्स) ₹१०००, चिप्स संपल्या की पुन्हा ₹१००० च्या घेता येतात. दोघे सोडले तर सगळे तीन पत्तीवरून पोकरकडे वळलेले. ₹३० ला रेझ केलं (रक्कम वाढवली) की चार-पाच कॉल (तेवढेच भरून पुढे येणारे) ठरलेले. फ्लॉपवर (मधली पहिली तीन पानं) बेट लावली तरी निम्मे मागे येतात, आणि रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) कुणीतरी अठ्ठी-पंजीच्या दोन जोड्या उघडून पॉट (मध्ये साचलेले पैसे) ओढतो.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, रेझ किती करावं म्हणजे पाचाऐवजी एक-दोघंच उरतील? दोन, ब्लफ पूर्ण बंद करावा का? तीन, एक्क्यांची किंवा राजांची जोडी हातात असताना रिव्हरपर्यंत नुसता कॉल करत आलेला माणूस अचानक रेझ करतो, तेव्हा काय समजायचं?

---

किलवर_दश्शी

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यातच एक गैरसमज आहे. रेझ लोकांना हाकलण्यासाठी करू नका. एक्क्यांची जोडी एका कुठल्याही हाताविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते. दोघांविरुद्ध ७३, तिघांविरुद्ध ६४, चौघांविरुद्ध ५६ आणि पाच जणांविरुद्ध जेमतेम ४९. म्हणजे पाच जण आले की एक्के निम्म्याहून जास्त वेळा हरणार, हे गणितातच आहे. पण त्या पॉटमध्ये तुमचे पैसे सहावा हिस्सा, म्हणजे १७ टक्के, आणि जिंकण्याची शक्यता ४९ टक्के. असे हात कितीही मिळाले तरी घ्यावेत. एक्के हरले म्हणून पुढच्या वेळी नुसता कॉल करून बसणं ही या टेबलावरची सगळ्यात महागडी सवय.

तरीही ₹३० कमी आहे, पण त्याचं कारण वेगळं. जो माणूस ₹३० ला राणी-सत्ती घेऊन येतो तो ₹६० लाही येतो. मग ₹३० का घ्यायचे? दर वेळी थोडं वाढवत जा: ₹५०, ₹६०, ₹८०. ज्या आकड्याला पाच कॉलचे दोन-तीन होतात तो तुमच्या टेबलाचा आकडा. साधारण ₹५० आणि आधी नुसता ब्लाइंड भरून आलेल्या प्रत्येकामागे आणखी ₹१०, इथून सुरू करून बघा. तुमच्या आधी तिघं ₹१० भरून आले असतील तर ₹८०.

एक काळजी घ्या. राजांच्या जोडीला ₹८० आणि गुलाम-दश्शीला ₹४० असं करू नका. बहुतेकांच्या लक्षात येणार नाही, पण ज्या दोघांना पोकर येतं त्यांना महिन्याभरात कळेल. रेझ करायचं तर एकाच मापाने, आणि जो हात त्या मापाला पुरत नाही तो रेझ करायचाच नाही.

हातांची निवडही बदलते. वाढतात ते: सगळ्या जोड्या, एक्का आणि त्याच रंगाचं कुठलंही पान, एक्का-राजा, एक्का-राणी, राजा-राणी. एक्का-राणीला फ्लॉपवर राणी लागली की राणी-नश्शीवाला तीन वेळा पैसे भरतो, यातच मोठी कमाई आहे. उतरतात ते: वेगळ्या रंगांचे राजा-दश्शी, राणी-नश्शी, गुलाम-अठ्ठी, विशेषतः पहिल्या खुर्च्यांवरून. या हातांना जोडी लागली तरी किकर (जोडीबाहेरचं पान) कमी पडतो, आणि जिथे कुणी पत्ते टाकत नाही तिथे दुसऱ्या क्रमांकाचा हात सगळ्यात महाग पडतो. लहान फ्लशचंही (एकाच रंगाची पाच पानं) तेच. पाच जण फ्लॉप बघत असतील तर सत्ती-छक्कीचा फ्लश म्हणजे निश्चिंती नव्हे. बटणावरून (फ्लॉपनंतर शेवटी बोलणाऱ्या खुर्चीवरून) ₹१० मध्ये बघायला मिळत असेल तर बघा, पण एक्का वरचढ असू शकतो हे धरून.

छोट्या जोडीला फ्लॉपवर तिसरं पान मिळून तिळं होण्याची शक्यता ११.८ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांतून एकदा. सावध टेबलावर कॉलच्या निदान १५ पट चिप्स समोर हव्यात असं म्हणतात, कारण तिळं लागूनही समोरचा पळून जातो. तुमच्याकडे तो पळत नाही, त्यामुळे १०-१२ पट पुरतात. पण ₹८० च्या रेझला दुर्रीची जोडी घेऊन कॉल करताना समोरच्याकडे ₹३०० च उरले असतील तर तिळं लागूनही सौदा तोट्याचा.

आणि मजबूत हात लपवून चेक करणं (काही न लावता पाळी पुढे देणं) बंद करा. पॉटमध्ये ₹१०० आहेत आणि एकच माणूस शेवटपर्यंत कॉल करणार आहे असं धरा. तिन्ही वेळा पाऊण पॉट लावलं तर ₹७५, मग ₹१८७, मग ₹४६९, एकूण ₹७३१ त्याच्याकडून येतात. फ्लॉपला एकदा चेक केलंत तर ₹७५ आणि ₹१८७, एकूण ₹२६२. त्या एका चेकची किंमत ₹४६९. जो माणूस कॉल करायलाच बसला आहे, त्याला आमिष कशाला?

---

इस्पिक_नश्शी

वरच्या उत्तरात एक भर. "पत्ते टाकत नाहीत" असे लोक दोन जातींचे असतात आणि दोघांशी खेळ उलट असतो.

पहिला, फ्लॉपआधी काहीही घेऊन येणारा, पण फ्लॉपवर काही लागलं नाही की गुपचूप पत्ते टाकणारा. दुसरा, खालची जोडी किंवा नुसता एक्का धरून रिव्हरपर्यंत चिकटणारा. ब्लफ बंद करायचा तो दुसऱ्यापुढे. पहिल्यापुढे फ्लॉपवरची एक बेट अजूनही पैसे कमावते.

हिशोब असा. जोडी नसलेल्या हाताला फ्लॉपवर काही ना काही जुळण्याची शक्यता साधारण एक तृतीयांश, म्हणजे दोन तृतीयांश वेळा तो मोकळाच. अर्ध्या पॉटचा ब्लफ ३३ टक्के वेळा चालला की बरोबरी होते. पहिल्या जातीचा एकच माणूस समोर असेल तर तो ६०-६५ टक्के वेळा जातो: बेट लावा. असे दोघं असतील तर दोघांचंही हुकण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के: अजूनही चालतं, कोरड्या फ्लॉपवर, म्हणजे तीन वेगळ्या रंगांचे राजा-सत्ती-दुर्री वगैरे. तिघं असतील तर सुमारे ३० टक्के: आता तोटा. चौघांपुढे विचारसुद्धा करू नका. आणि एकदा कॉल आला की टर्नला (चौथ्या पानाला) थांबा. त्याच्याकडे काहीतरी आहे.

कोण कुठल्या जातीचा हे शोधायला वेगळी युक्ती लागत नाही. पत्ते उघडतात तेव्हा फोनकडे न बघता तीन गोष्टी टिपा: तो कुठली दोन पानं घेऊन आला, फ्लॉपवर काय धरून कॉल केला, आणि रिव्हरला किती रकमेला. दोन शनिवारांत सहाही जणांचा नकाशा तयार होतो.

तीन पत्तीवरून आलेल्यांची आणखी एक सवय कामाची आहे. तिथे चाल मागच्या चालीच्या मापाने वाढते, मध्ये किती साचलंय याच्याशी तिचा संबंध नसतो. शो मागायलाही पैसे भरावे लागतात आणि ते हसत भरले जातात. म्हणून ही मंडळी बेटकडे नुसती रुपयांत बघतात, पॉटच्या प्रमाणात नाही. पॉट ₹२५० असो की ₹८००, त्यांना ₹२०० म्हणजे ₹२०० च वाटतात. प्रत्येकाच्या डोक्यात एक आकडा असतो, त्याच्या खाली कॉल, वर विचार. कुणाचा ₹३००, कुणाचा ₹५००. मजबूत हाताला लहान पॉटमध्ये पॉटपेक्षा मोठी बेटही निघून जाते, फक्त त्या आकड्याच्या जरा आत राहा.

---

पॉट_ऑड्स

ब्लफबद्दल नेमके आकडे देतो, म्हणजे वाद राहणार नाही. रिव्हरला पॉट ₹६००, तुम्ही ₹४०० चा ब्लफ लावता. बरोबरीसाठी तो १००० तून ४००, म्हणजे ४० टक्के वेळा चालायला हवा. समोरचा १५ टक्के वेळाच पत्ते टाकतो असं धरू. १५ टक्के वेळा ₹६०० मिळतात, ८५ टक्के वेळा ₹४०० जातात: ९० वजा ३४०. दर ब्लफमागे सरासरी ₹२५० चा तोटा. संध्याकाळी असे चार ब्लफ म्हणजे एक अख्खा बाय-इन.

आता उलट बाजू, जिकडे बहुतेक जण पैसे टेबलावर सोडून येतात. रिव्हरला तुमच्याकडे वरची जोडी आणि मध्यम किकर. फ्लश लागलेला नाही, समोरच्याने चेक केलं, शेवटची पाळी तुमची. सावध खेळाडूही इथे मागोमाग चेक करतो, "माझ्यापेक्षा चांगलाच हात कॉल करेल" म्हणून. चिकटणाऱ्या माणसासमोर ते खरं नाही. तो ज्या ३० जुळण्यांनी कॉल करेल त्यांतल्या १८ तुमच्यापेक्षा कमी आणि १२ वरचढ असल्या, तर ₹४५० च्या बेटवर दर कॉलमागे ₹९० चा फायदा. नियम एवढाच: कॉल करणाऱ्या हातांपैकी निम्म्याहून जास्त तुमच्या खाली असतील तर बेट लावा. एकूण हातांपैकी नव्हे, कॉल करणाऱ्यांपैकी. इथेच चूक होते.

घरच्या डावात हे जास्तच लागू पडतं, कारण गोव्याच्या कॅसिनोत घर दर पॉटमधून आपला वाटा कापतं आणि बारीक फायदा त्यातच संपतो. घरी रेक नसतो, ते ₹९० पूर्ण तुमचे.

ड्रॉचं (एक पान कमी असलेल्या हाताचं) काय? फ्लशला एक पान कमी असताना टर्नवरून रिव्हरला ते मिळण्याची शक्यता ४६ पैकी ९, म्हणजे १९.६ टक्के. दोन्ही बाजूंनी उघड्या सीक्वेन्सला ४६ पैकी ८, १७.४. पॉट ₹३०० आणि समोरून ₹१०० आले तर तुम्ही १०० भरून ४०० साठी खेळता, २० टक्के हवेत; फ्लश ड्रॉला जवळजवळ तेवढे आहेतच आणि पान लागलं की रिव्हरला आणखी मिळतं, म्हणून कॉल करा. समोरून ₹३०० आले तर ३३ टक्के हवेत, म्हणजे पान लागल्यावर रिव्हरला आणखी साधारण ₹६३० मिळायला हवेत तेव्हा बरोबरी. न टाकणाऱ्या माणसाकडून ते मिळतात, पण त्याच्यापुढे तेवढ्या चिप्स उरल्या आहेत का ते आधी बघा.

ड्रॉवर स्वतः बेट लावायची ती मात्र पळवण्याच्या आशेने नको, कारण कुणी पळत नाही. अपवाद एकच, आणि तो उलटा वाटतो: फ्लॉपवर एक्क्याचा फ्लश ड्रॉ आणि चौघं कॉल करणार अशी खात्री. रिव्हरपर्यंत फ्लश लागण्याची शक्यता ३५ टक्के, आणि येणाऱ्या प्रत्येक रुपयात तुमचे २० पैसे. बोर्डावर जोडी पडून कुणाचं फुल हाउस (तिळं आणि जोडी) होण्याची थोडी वजावट केली तरी ही बेट फायद्याची. एकच कॉल येणार असेल तर तुमचे ५० पैसे होतात आणि हिशोब उलटतो. तेव्हा चेक.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. नुसता कॉल करत येणारा माणूस टर्नला किंवा रिव्हरला रेझ करतो तेव्हा त्याच्याकडे दोन जोड्या किंवा त्याहून मोठं काहीतरी असतं. असे लोक ब्लफ करायला बसत नाहीत, त्यांना पत्ते बघायचे असतात. एका जोडीचे राजे असोत की एक्के, टाका. मागे आधीच किती पैसे गेले याचा त्या निर्णयाशी संबंध नाही.

---

बदाम_राणी

सगळ्यांचे आभार, विशेषतः रुपयांत बघण्याचा मुद्दा डोक्यात बसला. पण शेवटच्या नियमावर एक हात विचारते. सगळ्यांपुढे ₹१०००. मी बटणावर, इस्पिक एक्का आणि चौकट राणी. तिघं ₹१० भरून आले, मी ₹८०, दोघांनी कॉल केला, तिसऱ्याने आणि ब्लाइंडवाल्यांनी टाकले. फ्लॉप किलवर राणी, बदाम अठ्ठी, बदाम पंजी. मी ₹२००, एकाने कॉल केला. टर्नला इस्पिक दुर्री. मी ₹४०० लावले आणि त्याने सगळे आत ढकलले. तो अगदी चिकटणाऱ्यांतला. नियमाप्रमाणे टाकायला हवे होते का?

---

पॉट_ऑड्स

नाही, इथे कॉल. बरं झालं विचारलंत, नियम मी अर्धवटच सांगितला होता.

पैसे मोजू. फ्लॉपआधी पॉट ₹२६५: तीन वेळा ८०, टाकलेल्याचे १०, ब्लाइंडचे १५. फ्लॉपनंतर ₹६६५, आणि तुमच्या दोघांपुढे ₹७२०. तुमचे ₹४०० आणि त्याचे ₹७२० धरून पॉट ₹१७८५, तुम्हाला भरायचे फक्त ₹३२०. म्हणजे १५ टक्के हवेत.

त्याच्याकडे अठ्ठी-पंजी असेल तरी तुम्ही मेलेले नाही. तीन एक्के, दोन राण्या आणि तीन दुर्र्या तुम्हाला जिंकवतात, कारण बोर्डावर दुर्रीची जोडी झाली की तुमच्या राणी-दुर्रीच्या दोन जोड्या त्याच्या अठ्ठी-पंजीच्या वर जातात. ४४ पैकी ८ पानं, १८ टक्के. राणी-अठ्ठी असेल तर तीन एक्केच, ७ टक्क्यांच्या आसपास. तिळं असेल तर शून्य. पण त्याच ढिगात राजा-राणी आणि बदामाचे ड्रॉही थोडे आहेत, आणि त्यांच्यापुढे तुम्ही बरेच पुढे आहात. सगळं मिळून १५ टक्के सहज भरतात.

खरा निर्णय टर्नला झालाच नाही, तो फ्लॉपआधी ₹८० लावताना झाला. पॉट ₹२६५ आणि मागे ₹९२०, म्हणजे साडेतीन पट. एवढ्या उथळ चिप्समध्ये वरची जोडी आणि एक्क्याचा किकर टाकायचा नसतो. टर्नला ₹४०० ऐवजी सरळ ₹७२० ढकलले असते तरी चाललं असतं. चिकटणारा माणूस राजा-राणीने तेही भरतो.

टाकण्याचा नियम लागू होतो तो खोल चिप्समध्ये. तुमच्या डावात पुन्हा पुन्हा बाय-इन होतात, त्यामुळे रात्री बारानंतर दोघांपुढे ₹३००० सहज असतात. तोच हात, तुमच्या ₹४०० वर त्याने ₹१४०० केले. आता ₹१००० भरून ₹२४६५ साठी खेळायचं, २९ टक्के हवेत, आणि रिव्हरला आणखी ₹१३२० ची टांगती तलवार. अठ्ठी-पंजीविरुद्धचे १८ टक्केसुद्धा इथे पुरत नाहीत. टाका.

---

किलवर_दश्शी

याला जोडून: ज्या दोघांनी ₹८० ला कॉल केला त्यांतल्या एकाकडे ₹३५० च असते तर? मग फ्लॉपआधीचे ₹८० गेल्यावर त्याच्यापुढे ₹२७०, आणि पॉट ₹२६५. राणी लागली की फ्लॉपलाच सगळं आत. ₹२०० लावून ₹७० मागे ठेवायचं काहीच कारण नाही, कारण टर्नला बदाम पडला की बदामाचा ड्रॉ नसलेला राणी-दश्शीवाला घाबरून ते ₹७० वाचवतो.